घर पाहावे भरतीच्या वेळी

पाडव्याचा मुहूर्त साधून नव्या जागेचा इसार द्यावा, ही आपल्याकडची जुनी हौस. यंदा तो देण्याआधी जरा थांबा.

ठाण्याच्या खाडीकाठच्या जाहिरातींत हल्ली एक गुलाबी पाहुणा हटकून दिसतो. रोहित पक्षी. कच्छकडून थंडीच्या सुमारास तो येतो आणि पावसाच्या तोंडाशी परततो. जाहिरातीत मात्र बारा महिने आपल्या गॅलरीखाली एका पायावर उभा! त्याच्या दर्शनाचे पैसे चौरस फुटामागे घ्यायचे आणि तो ज्या चिखलात चरतो तिथेच पुढच्या इमारतीचा भराव टाकायचा, हा व्यवहार ज्याला सुचला त्याच्या बुद्धीला नमस्कार.

या खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव लागले. पण पक्षिप्रेम घटकाभर बाजूला ठेवू आणि निव्वळ संसारी हिशेब पाहू. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची पुष्कळशी जमीन खाजणातून काढली. कित्येक ठिकाणी ती मोठ्या भरतीच्या पाण्याहून सखल आहे. म्हणून पाणी धरून ठेवणारे तलाव राखले गेले. ओहोटीला त्यांची दारे उघडतात, पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला ती मिटतात आणि शहरात पडलेला पाऊस तलावात वाट पाहत थांबतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की सारी भिस्त या तलावांच्या पोटावर. तिथे गाळ साचून तिवरे उगवली आहेत. गाळ काढावा तर तिवरांना धक्का, न काढावा तर तलाव उथळ. अशा वेळी आजूबाजूची उरलेली दलदल बुजवणे म्हणजे मोरीच्या तोंडात बोळा कोंबून वर पिंप ओतणे होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी पाण्याला जायला जागा नसली म्हणजे काय होते ते मुंबईकरांनी पाहिले.

यावर कोणी रागाने म्हणेल, "पक्ष्यांनी चिखलात राहावे आणि आम्ही जन्मभर लोकलला लोंबकळावे काय?" प्रश्न रास्त आहे. पण खाजणातली जागा स्वस्त असते, हा भ्रम. मऊ चिखलात खोलवर खांब उतरवावे लागतात, भराव घालावा लागतो, पंप ठेवावे लागतात. तो खर्च आधी किमतीत आणि मग सोसायटीच्या महिन्याच्या बिलात येतो. परवडणाऱ्या घराला एक टक्का कराची सवलत २०१९ साली मिळाली, ती महानगरात ६० चौरस मीटर चटईक्षेत्र आणि ४५ लाख किमतीपर्यंत. खाडीदर्शनाच्या मनोऱ्यात या आकड्यांत काय बसते, ते विक्री कचेरीत विचारून पाहा. त्यापेक्षा स्टेशनाजवळच्या मोडकळीला आलेल्या इमारतींच्या जागी लहान घरे बांधावीत; तिथे नळ, गटार, रस्ता आधीच आहे. २०२४ साली मुंबईतली सुमारे २५६ एकर मिठागरे भाड्याच्या घरांसाठी घेण्याचे राज्य सरकारने ठरवले. सगळ्यांत गरीब माणसाला सगळ्यांत सखल जागा द्यायची, हे मला काही पटत नाही.

आता घरातल्या आजींचा विचार. पाणी शिरू नये म्हणून जोते उंच करतात, ते योग्यच. पण त्याबरोबर पायऱ्या वाढतात. चाकांच्या खुर्चीला बारा फुटांत एक फूट चढेल असा उतार लागतो. तीन फूट जोत्याला छत्तीस फूट! नकाशात तेवढी जागा सोडली आहे का, हे फूटपट्टी लावून बघावे. विजेच्या मीटरची खोली तळमजल्यावर जमिनीलगत असेल, तर पहिल्या पुरात लिफ्ट बंद आणि आजी बाराव्या मजल्यावर अडकलेल्या.

कागदपत्रांत किनारा नियमन क्षेत्राची परवानगी मागा. तिवरांपासून ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्याविषयी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. कुंपणापासून तिवरांचे अंतर आपणच मोजावे. आणि नमुन्याची सदनिका पाहायला दिवाळीच्या उन्हात जाऊ नये. पावसाळ्यातल्या साडेचार मीटरांवरच्या भरत्यांच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात. त्यांतल्या एखाद्या दिवशी, भर पावसात, छत्री घेऊन जावे.