गेटपासून दारापर्यंत पॉलिश? मी विकतो, तरी ‘नको’ म्हणतो



काटोलमध्ये आजकाल नवं घर बांधणारा माणूस दुकानात आला की आधी मोबाईल पुढे करतो. फोटोत आरशासारखी चमकणारी काँक्रीटची वाट, दोन्ही बाजूंना लॉन. "भाऊ, गेटपासून दारापर्यंत असंच पॉलिश करायचं आहे. सामान काय लागेल?"

सामान माझ्याकडे आहे. हार्डनर, सीलर, सगळं. सिमेंटच्या पोत्यापेक्षा त्यात मार्जिनही चांगलं सुटतं. तरी मी सांगतो, घरात करा, बाहेर करू नका.

कारण हा शहाणपणा मी स्वतःच्या घरी करून बसलोय. उन्हाळ्यात वाट चकचकीत झाली, मी खूश. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, आई फुलं तोडायला निघाली आणि घसरली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. ती एवढंच म्हणाली, "बापू, हे पाहाले केलं का चालाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पॉलिश म्हणजे हिऱ्याचे पॅड लावलेल्या मशीनने काँक्रीट आधी जाड, मग बारीक असं घासत जाणं. कोरड्या फरशीवर पाय धरतो. पण वर पाण्याचा थर आला, त्यात चपलेची काळी माती मिसळली, की पाय सरकलाच. आपल्याकडे पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. सावलीतलं शेवाळ वेगळंच.

कोणी म्हणेल, अँटी-स्किड कोटिंग मारू. मारता येतं, खरंय. पण ते पायाखाली झिजतं, पुन्हा मारावं लागतं. आणि दुसऱ्या वर्षी त्याचा डबा न्यायला कोणी येत नाही, हे मी गल्ल्यावर बसून पाहतोय.

म्हणून पॉलिशचा पैसा वाटेच्या खाली घाला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते, आणि वरच्या काँक्रीटला तडे पाडते. ती माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून ठोकून घ्या. वर चार इंच काँक्रीट, दर आठ-दहा फुटांवर जॉइंट. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, चार फुटांना एक इंच. काँक्रीट जरा आवळलं की आडवा झाडू ओढा. त्या रेघाच पाय धरतात, आणि झाडूला वेगळं मशीन लागत नाही.

पाणी मारण्यात कंजुषी नको. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलं ठेवा, असं आयएस ४५६ सांगतं. पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस ठेवलेलं चांगलं. आपल्या मे महिन्यात तर मी १४ च धरतो.

आता दुकानदार मित्रांसाठी. वाटेचं सामान काढण्याआधी एकच प्रश्न विचारा, "घरात म्हातारं माणूस, लहान लेकरू आहे का?" त्या दिवशीचं बिल लहान होईल, होऊ द्या. कोणी घसरून पडलं तर गिऱ्हाईक डब्यावरचं कंपनीचं नाव विसरतं. तुमच्या दुकानाचं नाव मात्र विसरत नाही.

झाडू कधी आणि कसा ओढायचा, ते व्हिडिओत दाखवलंय. मिस्त्रीला सोबत बसवून पाहा.