आधी पाडा, मग स्मारक बांधा!

परवा रविवारी शनिवारवाड्यापासून दगडूशेठपर्यंत पायी गेलो. दहा मिनिटांचा रस्ता. पण वारसा सांभाळायचा म्हणजे सरकार नक्की काय करतं, हे एवढ्या अंतरात कळतं.

शनिवारवाडा केंद्राकडे, म्हणजे पुरातत्त्व खात्याकडे. कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद. नियम एकदम कडक! आसपासच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना विचारा, डोळ्यांत पाणी येईल.

आणि दगडूशेठसमोर? तिथे भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती जागा. त्याच्या वाट्याला काय आलं? ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला हार, भाषणं आणि स्मारकाच्या घोषणा. जागेचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये महापालिकेने वाडा पाडून टाकला. का, तर स्मारक बांधायचंय!

आता कुणी म्हणेल, अहो तो मोडकळीला आला होता, उद्या कुणाच्या डोक्यावर पडला असता तर? मान्य. पण वाडा काही एका रात्रीत धोकादायक होत नाही राव. आधी कौलं फुटतात, मग पाणी मुरतं, मग वासे कुजतात. मालकाला जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, आणि भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, मी का करू? या सगळ्या वर्षांत सरकारकडे घोषणेला वेळ होता, कौलं शाकारायला नव्हता.

महापालिकेला जमत नाही असंही नाही. विश्रामबागवाडा तिच्याच ताब्यात आहे, आणि दुरुस्ती होऊन उभा आहे की!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा जातातच ना? यादीतल्या वाड्याला धोक्याच्या नोटिशीआधी दुरुस्तीची नोटीस द्या. मालक करत नसेल तर महापालिकेने करावी आणि खर्च वसूल करावा. राज्याने त्यासाठी पैसे द्यावेत, नुसता स्मारकाचा नारळ फोडायला येऊ नये.

स्मारक होईल, चकाचक होईल, ग्रॅनाइट लागेल. पण ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली चढल्या असतील, तो कुठून आणणार?