पाळणाघर आणि उपकार

वस्तीतलं पाळणाघर चर्चच्या मागच्या खोलीत भरतं किंवा देवळाच्या सभामंडपात भरतं, एवढ्यावरूनच आपल्यातल्या काहीजणी नाक मुरडतात. मला हे पटत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातला बाहेर पडते. मूल कुणाकडे ठेवणार? शेजारणीकडे, म्हाताऱ्या सासूकडे, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीकडे, म्हणजे तिची शाळा बुडाली. अशा वेळी सिस्टर थोड्या पैशांत मूल सांभाळतात, दुपारी गरम खिचडी देतात, आईला भरवसा वाटतो. तिथे प्रार्थना म्हणायला लावतात का, हा प्रश्न तिला नंतर सुचतो. (मुसलमान किंवा बौद्ध आईला मात्र देवळातल्या पाळणाघराच्या दारात तो पहिलाच पडतो.)

सरकारचं काय? अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली, पण बहुतेक ठिकाणी ती चार-पाच तासांची आणि तीन वर्षांवरच्या मुलांची. त्याहून लहानांना शिधा मिळतो, सांभाळ नाही. कारखाने कायद्यात १९७६ पासून तीसहून जास्त बायका असल्या तर पाळणाघराची अट होती. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास कामगारांच्या आस्थापनांना ती घातली. घरकामगारणीच्या मालकीणबाईकडे पन्नास कामगार कुठून येणार? राष्ट्रीय पाळणाघर योजनेत, म्हणजे २०२२ पासून मिशन शक्तीत ‘पालना’ नावाने आलेल्या योजनेत, वेळ ठरली ती महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. कामाची पाळी आठ तासांची, वर लोकलचा प्रवास. हा हिशोब मांडणाऱ्यावर मूल पोहोचवून कामावर जायची वेळ कधी आली नसावी.

माझं भांडण आहे ते ‘सेवा’ या शब्दाशी. दिवसभर वीस पोरांचं हगणंमुतणं काढणारी बाई वस्तीतलीच असते. तिला ‘सेविका’ म्हटलं की पगाराऐवजी मानधन दिलेलं चालतं. (सरकारनेही अंगणवाडीत हेच केलं आहे.) आणि आईचीही जीभ बांधली जाते. मूल पडून कपाळाला खोक पडली, दुधात पाणी दिसलं, तरी विचारायचं कसं? उपकार करणाऱ्याला कुणी जाब विचारतं का?

म्हणून जागा, पाणी, वीज वा अनुदान सार्वजनिक पैशातून मिळत असेल, तर अटीही सार्वजनिक हव्यात. मूल कुठल्याही जातीधर्माचं असो, प्रवेश मिळावा. प्रार्थनेची सक्ती नको. सांभाळणारीला किमान वेतन हवं, आयांची समिती हवी, जमाखर्च भिंतीवर लावलेला हवा. ज्या संस्थेला खरोखर मुलांची कळकळ आहे, तिला हे जड जाऊ नये.

आणि सगळं धर्मसंस्थांवर सोडून आपण मोकळ्या होऊ नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणल्या, त्या थोरल्या मुलीचा विचार करूनच. महापालिकेच्या ज्या शाळांत वर्ग रिकामे पडलेत, त्या खोल्या आपण वॉर्डात जाऊन मागायला हव्यात, आणि मागताना वेळ सांगावी: सकाळी सात ते संध्याकाळी सात.