ब्राह्मीची बाटली आणि गप्प झालेले मूल

जानेवारी उजाडला की माझ्या दवाखान्यात एक वेगळी गर्दी सुरू होते. खोकला-तापाचे रुग्ण असतातच. पण बाकाच्या अगदी कडेला दहावी-बारावीतले एखादे मूल आणि त्याची आई बसलेली असते. मूल मान खाली घालून, आई मांडीवरची पिशवी घट्ट धरून. नंबर आला की आई सांगते, "डॉक्टर, हिचं अभ्यासात लक्षच लागत नाही. दोन महिने ब्राह्मी देतेय. शंखपुष्पीचं सिरपही सुरू केलंय. अजून काही आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नसलेलं असेल तर लिहून द्या ना." मूल काही बोलत नाही. बहुतेक वेळा त्याला कोणी विचारलेलेच नसते.

तालुक्याच्या गावी मी तीस वर्षे प्रॅक्टिस करतो आहे. या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला आहे तो पदवीमुळे नाही, चुकीमुळे आहे. काही वर्षांपूर्वी अशीच एक बारावीची मुलगी आली होती. झोप उडालेली, जेवण तुटलेले, मैत्रिणींकडे जाणे बंद. रक्त तपासले, हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले आणि मला चक्क हायसे वाटले. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, ब्राह्मी चालू ठेवायला सांगितली आणि "परीक्षा झाली की होईल ठीक" असे म्हणून पाठीवर हात ठेवला. सहा आठवड्यांनी एका रात्री तिचा जीव वाचवण्यासाठी तिला जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. ती वाचली. तिच्या आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

आई-वडील वनस्पतींकडे का वळतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते अडाणी असतात म्हणून नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिले तर काय, पुढे मुलीच्या लग्नात हे निघाले तर काय, ही भीती खरी असते. ब्राह्मीची बाटली मात्र फडताळात उघडी ठेवता येते. शेजारीण आली तरी "बुद्धीसाठी देतेय" असे सांगता येते. त्या बाटलीत औषध किती आहे हा पुढचा प्रश्न. अब्रू झाकण्याची सोय मात्र पुरेपूर आहे.

दुसरे कारण म्हणजे 'झाडपाला आहे, अपाय तर होणार नाही' हा समज. तो खोडून काढायला सर्पगंधेची हकीकत पुरेशी आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडाच्या झटक्यांवर होणारा परिणाम नोंदवला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात रक्तदाबावरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत ते वापरले जाऊ लागले. डॉ. वकिलांना 1957 मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तिचा उत्तरार्ध आपण सांगत नाही. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना उलट खिन्नतेने ग्रासल्याची निरीक्षणे त्याच दशकात पुढे आली. त्यांवर पुढे वाद झाले. पण मुद्दा एवढाच की, जी मुळी मनावर परिणाम करते, ती नको तो परिणामही करू शकते. गुण आहे तिथे अपाय संभवतो. आणि अपायच संभवत नसेल, तर गुणाचीही शंका घ्यावी.

आता आपल्या घरातल्या बाटलीकडे वळू. परसात गोल पानांची जी वेल आपण ब्राह्मी म्हणून लावतो ती बहुधा मंडूकपर्णी असते. ज्या ब्राह्मीवर अलीकडचे बरेचसे प्रयोग झाले ती पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी. शंखपुष्पी या नावाने तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. शिवाय ब्राह्मीचे प्रयोग मुख्यतः स्मरणशक्तीवर झालेले आहेत, नैराश्याने ग्रासलेल्या सोळा वर्षांच्या मुलांवर नव्हेत. जे मूल जगण्याला कंटाळले आहे, त्याची स्मरणशक्ती वाढवून आपण नेमके काय साधणार?

अश्वगंधा आज फारच लोकप्रिय आहे. ताण आणि झोप यांसाठी प्रौढांवर झालेल्या लहान प्रयोगांत तिचा थोडा उपयोग दिसला, हे मान्य. पण तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांनी ती जपूनच घ्यावी. 2023 मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. परदेशातला भाचा पाठवतो ते 'सेंट जॉन्स वर्ट' हे प्रौढांच्या सौम्य व मध्यम नैराश्यात उपयोगी पडल्याचे बरेच पुरावे आहेत. जर्मनीत डॉक्टर ते लिहूनही देतात. मुलांच्या बाबतीत मात्र पुरावा तुटपुंजा आहे. शिवाय ते गर्भनिरोधक गोळ्यांपासून अवयवरोपणानंतरच्या औषधांपर्यंत अनेकांचा प्रभाव कमी करते आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास धोकादायक ठरू शकते. बाटलीतल्या अशुद्धीचा प्रश्न आणखी वेगळा. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बोस्टनच्या परिसरात विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

यावर हटकून एक उत्तर येते : "पण आमच्या भाचीला गुण आला!" आला असेल, मी नाकारत नाही. अमेरिकेत 12 ते 17 वयाच्या, नैराश्याने आजारी असलेल्या 439 मुलांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गटाला औषध म्हणून नुसती पोकळ गोळी दिली होती. बारा आठवड्यांत त्या गटातील जवळजवळ 35 टक्के मुलांना बरे वाटू लागले. कोणीतरी लक्ष देत आहे, दर भेटीत विचारपूस करीत आहे, दिवस जात आहेत, एवढ्याने शंभरातली पस्तीस मुले सावरतात. त्या पस्तिसांच्या घरी जी बाटली असेल, श्रेय तिला मिळते. प्रश्न उरलेल्या पासष्टांचा आहे. त्यांचे महिने त्या बाटलीत बुडतात.

याच प्रयोगात फ्लुओक्सेटिन आणि विचारांना वळण देणारी समुपदेशन-पद्धत हे दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी 71 टक्के सुधारली. नुसत्या गोळीने सुमारे 61 टक्के आणि नुसत्या समुपदेशनाने 43 टक्के. म्हणजे आमच्या गोळ्या निर्दोष आहेत असे नव्हे. त्याच 2004 साली अमेरिकी औषध प्रशासनाने नैराश्याच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण गोळी घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे 4 टक्क्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन दिसले, पोकळ गोळीवाल्यांत 2 टक्क्यांत. त्या प्रयोगांत एकही मूल दगावले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांनी मुलाला वारंवार भेटायचे असते आणि गोळी मनाने बंद करायची नसते. फरक आहे तो इथे. या गोळीचा धोका मोजून वेष्टनावर छापलेला आहे. सिरपचा धोका कोणी मोजलेलाच नाही.

कोणाला वाटेल, हा आयुर्वेदावर राग आहे. तसे मुळीच नाही. चरकाने उपचारांचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांत औषध-आहाराच्या बरोबरीने 'सत्त्वावजय', म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणे, याला स्वतंत्र स्थान दिले आहे. आपण चरकाची मुळी तेवढी उचलली आणि मनाशी बोलण्याचा भाग सोडून दिला, कारण मुळी विकत मिळते आणि बोलायला वेळ लागतो. चांगला वैद्य हे जाणतो आणि गरज पडताच मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडतो, हे मी पाहिले आहे.

मग करायचे काय? या वयातले नैराश्य रडून दिसतेच असे नाही. ते चिडचिडीतून, दार लावून बसण्यातून, आवडता खेळ सोडण्यातून दिसते. हे दोन आठवडे रोज चालू राहिले, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. मुलाला सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 14416 या 'टेली-मानस'च्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले आहे. आणि जी काही मुळी, चूर्ण, सिरप चालू असेल, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. आम्ही रागावलो, तर तो आमचा दोष.

ती मुलगी आता नोकरीला आहे. दिवाळीत भेटायला येते. गेल्या खेपेला मी धीर करून विचारले, "त्या दिवशी मी काय करायला हवं होतं गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, आईला पाच मिनिटं बाहेर बसवायला हवं होतंत."

तेव्हापासून जानेवारीतल्या त्या बाकावरच्या प्रत्येक मुलासाठी मी तेवढे एक करतो. आईला विनंती करतो, दार लोटतो आणि खुर्ची मुलाच्या जवळ ओढून घेतो. त्या पाच मिनिटांत काय काय ऐकावे लागते, ते कुठल्याही काढ्याने भागणारे नसते.