ग्लिसरीनची परीक्षा

रायपूरचा तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. येथील उन्हाळा कडक असतो. घशाला कोरड पडली की माठातील पाणी हाच उपाय. परंतु काही माणसांच्या तोंडाची कोरड पाण्याने भागत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. रक्तदाब, ॲलर्जी किंवा नैराश्य यांवरील काही औषधांमुळे, मधुमेहामुळे अथवा वयोमानाबरोबर जडलेल्या अन्य विकारांमुळे ती आटते. गुडाखू, तंबाखू यांनी तोंडाचा कर्करोग जडलेल्या आणि किरणोपचार घेतलेल्या रुग्णाचे हाल तर विचारूच नयेत. भाकरीचा तुकडाही त्याच्या घशाखाली उतरत नाही. दात झपाट्याने किडतात.

असा माणूस औषधांच्या दुकानात जातो आणि चिठ्ठीवाचून मिळणारे काहीतरी मागतो. त्याला तोंडात फवारायचे द्रव, हिरड्यांना लावायचा जेल किंवा चघळायच्या गोळ्या मिळतात. यांतील अनेक पदार्थांत ग्लिसरीन असते. ते गोड, घट्ट व ओलावा धरून ठेवणारे असते, म्हणून कोरड्या तोंडाला आराम पडतो. हा पदार्थ सुरक्षित आहे असे दुकानदार सांगतो आणि ग्राहक मानतो. तसे मानण्यास आधार काय?

ग्लिसरीनच्या बाबतीत हा प्रश्न मराठी मुलखाने एकदा फार मोठी किंमत देऊन विचारला आहे. 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना मेंदूवरील दाब कमी करण्यासाठी तोंडावाटे ग्लिसरीन देण्यात आले. पाठोपाठ त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि 14 रुग्ण दगावले. बाटलीतील ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. शासनाने न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने केवळ पुरवठादाराला दोष दिला नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंतची साखळी त्याने उघडी केली. त्या साखळीतील एकाही टप्प्यावर नीट चाचणी झाली असती, तर ती बाटली रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलीच नसती.

हे विष ओळखणे डोळ्यांचे काम नाही. ते ग्लिसरीनसारखेच रंगहीन, घट्ट आणि गोड असते. उद्योगांत ते वापरले जाते, शुद्ध ग्लिसरीनपेक्षा स्वस्त पडते आणि म्हणूनच लोभी हातांना मोह घालते. 1937 मध्ये अमेरिकेत एका कंपनीने गंधकयुक्त औषध याच द्रवात विरघळवून विकले. विक्रीपूर्वी त्याचा रंग, वास व चव तपासली होती. ते विषारी आहे काय, एवढेच तपासले नव्हते! शंभराहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा झाला. भारतातील औषध कायदा 1940 चा आहे.

प्रयोगशाळेला मात्र हे काम अवघड नाही. वायू वर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, या पद्धतीत नमुन्याची वाफ एका लांब, अतिशय बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर आपली खूण उमटवतो. ग्लिसरीनमध्ये या विषाचे प्रमाण 0.10 टक्क्यापेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आहे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात हे प्रमाण 48.6 टक्के निघाले. चाचणी होती, यंत्रे होती, माणसे होती. ती कामाला लागली मृत्यूंनंतर.

येथे एक गोष्ट मनाला विशेष टोचते. गांबियातील बालमृत्यूंचे प्रकरण 2022 मध्ये गाजल्यावर, जून 2023 पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशातच विकल्या जाणाऱ्या बाटलीला त्या वेळी तो नियम लागू नव्हता. परक्या लेकरासाठी जी काळजी घेतली, ती छिंदवाड्याच्या लेकराच्या वाट्याला का येऊ नये?

खोकल्याचे औषध चार दिवस घेतात. तोंडाच्या कोरडेपणावरील द्रव मात्र दिवसातून अनेक वेळा, महिनोन्‌महिने वापरला जातो आणि त्यातील बराच भाग पोटात जातो. वापरणारे बहुधा वृद्ध, मधुमेही. त्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली असू शकतात. तेव्हा चिठ्ठीवाचून मिळतो म्हणून तो पदार्थ किरकोळ समजणे बरोबर नाही. उलट, डॉक्टरांची नजर त्यावर नसते, म्हणून प्रयोगशाळेची नजर अधिक कडक हवी. ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपाची चाचणी कारखान्यात, माल बाटलीत भरण्यापूर्वी झाली पाहिजे.

ग्राहकाने काय करावे? वेष्टन वाचावे. 2007 मध्ये पनामा शहरात एडुआर्दो आरियास नावाच्या एका सामान्य नोकरदाराने दुकानात टूथपेस्टचे वेष्टन वाचले. त्यावर डायएथिलीन ग्लायकॉल हे नाव छापलेले होते. आदल्याच वर्षी त्या विषाने त्याच्या देशात अनेकांचे प्राण घेतले होते. त्याने ती टूथपेस्ट विकत घेऊन अधिकाऱ्यांकडे नेली आणि पाहता पाहता अनेक देशांत तशा टूथपेस्टचा शोध सुरू झाला. अक्षर वाचता येण्याची ही कमाई थोडी नव्हे.

तथापि वेष्टन नेहमी खरे बोलत नाही. जे. जे. रुग्णालयातील बाटल्या ग्लिसरीन म्हणूनच आल्या होत्या. अशा वेळी 1940 च्या कायद्यातील कलम 26 उपयोगी पडते. विकत घेतलेल्या औषधाचा नमुना कोणतीही व्यक्ती ठरलेले शुल्क भरून, विहित रीतीने शासकीय विश्लेषकाकडे चाचणीसाठी देऊ शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मागू शकते. सौंदर्यप्रसाधनांनाही ही तरतूद लागू आहे. किती लोकांना हे ठाऊक आहे? औषधांच्या दुकानात परवाना भिंतीवर लावलेला असतो. त्याच्याच शेजारी हे कलम, नमुना कोठे द्यायचा तो पत्ता आणि शुल्काची रक्कम ठळक अक्षरांत लावण्याची सक्ती करावी. तात्यापाऱ्यातील दुकानात ती पाटी मराठीतही असावी.