तागडीची दोन्ही पारडी

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीकाठी वसलेले खापा हे नगरपरिषदेचे गाव. तेथे नगरसेवकपदाची निवडणूक लढविणाऱ्यास एका प्रश्नाला सामोरे जावेच लागते: नगरपरिषदेच्या कामात वा कंत्राटात त्याचा अथवा त्याच्या भागीदाराचा हितसंबंध आहे काय? महाराष्ट्रातील १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १६ नुसार, काही अपवाद वगळता, असा हितसंबंध अपात्रतेचे कारण ठरतो. परंतु अशाच गावांतील मंदिर, धर्मशाळा वा पांजरपोळ चालविणाऱ्या न्यासाचे विश्वस्त निवडताना हा प्रश्न विचारणे अनेकदा अशिष्टपणाचे मानले जाते. ‘घरचाच माणूस, त्याला काय विचारायचे?’ एवढ्यावर विषय संपतो आणि पुढील वादाचे बीज तेथेच पडते.

लहान गावात हा पेच अटळ आहे. धर्मशाळेचे छत घालावयाचे तर सिमेंटचा व्यापारी समाजातलाच. भोजनशाळेचा किराणा ज्यांच्याकडून येतो तेही समाजातलेच. व्यवहार असणाऱ्या प्रत्येकास वगळले, तर अनुभवी माणसेच उरणार नाहीत. म्हणून हितसंबंध असणे हा दोष मानू नये. तो झाकून ठेवणे हा दोष होय.

हितसंबंधांतही भेद करावा लागतो. प्रसंगोपात पुरवठा करणाऱ्या उमेदवाराने तसे लेखी सांगावे. निवडून आल्यावर तो विषय निघेल तेव्हा सभेतून उठून जावे, इतरांकडून दरपत्रके मागविली जावीत आणि हे सारे इतिवृत्तात नोंदले जावे. परंतु जो न्यासाच्या गाळ्याचा भाडेकरू आहे, ज्याच्याकडे न्यासाचे येणे थकले आहे किंवा ज्याचा न्यासाशी दावा सुरू आहे, त्याने कितीदा उठून जावे? भाडे, दुरुस्ती, मुदतवाढ हे विषय तर सतत येणारच. त्याने दोहोंपैकी एकच निवडावे: गाळा किंवा पद.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६अ नुसार विश्वस्ताला न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःसाठी कर्ज घेता येत नाही. इंग्लंडमधील १७२६ चा एक निवाडा याहून कठोर आहे. रोमफर्ड येथील बाजाराचा भाडेपट्टा एका विश्वस्ताने अज्ञान मुलासाठी सांभाळला होता. मुदत संपल्यावर मालकाने मुलाच्या नावे नूतनीकरण नाकारले, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. यात लबाडी आढळली नव्हती. तरीही न्यायालयाने भाडेपट्टा आणि त्यातील नफा मुलाला देण्यास सांगितले. विश्वस्ताचा हेतू शुद्ध होता की नव्हता, यावर तो निर्णय अवलंबून नव्हता. विश्वस्ताने त्या मोहाच्या जागी उभेच राहू नये, हे त्याचे सार.

म्हणून प्रश्न मतदानापूर्वी विचारावा. उमेदवारी अर्जासोबतच एक साधे निवेदन घ्यावे: स्वतःचे, पती वा पत्नीचे, मुलांचे व भागीदारीतील पेढीचे न्यासाशी कोणते व्यवहार आहेत, कोणते देणे-घेणे बाकी आहे, कोणी नातलग न्यासाच्या पगारावर आहे काय. सभासदांसमोर ते वाचून दाखवावे. नवा उमेदवार, जुना विश्वस्त आणि सर्वांत मोठा दाता, सर्वांना तोच नमुना असावा. सर्वांनाच विचारले म्हणजे कोणाचाही अपमान होत नाही.

तत्त्वार्थसूत्राने कमी-अधिक मापे ठेवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार सांगितला आहे. विकणारा आणि विकत घेणारा एकच असेल, तर तागडीची दोन्ही पारडी एकाच हातात राहतात. माप चोख असले तरी ते इतरांना दिसत नाही. यात खरा तोटा सचोटीच्या माणसाचाच होतो. ज्याने नफा न घेता सिमेंट दिले, त्याच्याकडेच पाच वर्षांनी बोट दाखविले जाते आणि त्याची बाजू मांडणारा एकही कागद दप्तरात नसतो. तो कागद निवडणुकीच्या दिवशीच तयार व्हावयास हवा.