चक्रीवादळ येते तेव्हा आपण काय करतो?



१ नोव्हेंबर ते १५ मे हा आपल्या मॉरिशस देशात चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. या दिवसांत रेडिओवर 'क्लास एक' हे शब्द ऐकू आले की गावात एकच धावपळ सुरू होते. दुकानांत रांगा लागतात. पाव, मेणबत्त्या, सार्डिनचे डबे आणि पिण्याचे पाणी तासाभरात संपते. मुले मात्र खूश असतात, कारण शाळेला सुट्टी मिळणार! मी शिक्षक आहे, म्हणून मुलांचा हा आनंद मला जवळून ठाऊक आहे. पण पिशवीभर सामान घरी आणले म्हणजे आपली तयारी झाली का? या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे. समुद्रकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी तर तो अवश्य करावा.

आपल्या वाडवडिलांनी फार मोठी वादळे पाहिली. फेब्रुवारी १९६० मधील कॅरोल हे त्यांपैकी सर्वांत भयंकर. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. वादळाचा डोळा बेटावरून गेला. वारा थांबला तेव्हा संकट टळले असे समजून लोक बाहेर आले, आणि मग उलट दिशेने वारा सुटला. माझी आजी सांगत असे की, तिच्या घराचे गवती छप्पर गेले ते पुन्हा दिसलेच नाही. त्या वर्षी साखरेचे उत्पादन निम्म्याहून खाली आले. कॅरोलनंतर सरकारने गृहनिर्माणाचे काम हाती घेतले आणि हळूहळू गवत-पत्र्याच्या जागी सिमेंटची घरे आली. १९७५ मध्ये गर्वेझ वादळात झोत २८० किलोमीटरवर पोहोचले. १९९४ चे होलांडा मी स्वतः शाळकरी वयात अनुभवले. रात्रभर दार दाबून बसलेले वडील मला अजून आठवतात. २००२ मध्ये दिना आले. या सर्व अनुभवांतून देश शहाणा झाला. सिमेंटच्या छपराने असंख्य जीव वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु याच छपराने आपल्याला थोडे निष्काळजीही केले आहे.

इशाऱ्याच्या चार पायऱ्या आपण लहानपणी पाठ केल्या. पोलीस ठाण्यावर किती लाल निशाणे लागली, हे मोजायला आपण धावत जात असू. या पायऱ्या ताशी १२० किलोमीटर वेगाच्या झोतांभोवती बांधलेल्या होत्या. असे झोत येण्यास किती अवधी उरला आहे, ते पहिल्या तीन पायऱ्या सांगत. झोत प्रत्यक्ष आले की चौथी पायरी. म्हणजे हे सारे माप वाऱ्याचे होते. वाऱ्याला हलके लेखू नये हे खरेच. वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट न होता चौपट होतो, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. पण पाण्याचे काय?

३० मार्च २०१३ रोजी कोणतेही चक्रीवादळ आले नव्हते. तरीही थोड्या वेळात कोसळलेल्या पावसाने पोर्ट लुईसमध्ये ११ जणांचे प्राण घेतले. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळ रेयुनियनवर धडकले. ते आपल्यापासून दूर आहे असे अनेकांना वाटत होते. त्याच दिवशी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून जाताना साऱ्या जगाने पाहिल्या. लोक कामावर गेले होते आणि घरी परतण्याच्या वाटेवर अडकले. इशारा उशिरा मिळाला अशी टीका झाली, आणि हवामान खात्याच्या संचालकांनी पद सोडले. मात्र सगळा दोष एका खात्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पाणी मुरायची जमीन आपण सिमेंटने झाकली, ओढ्याच्या काठापर्यंत घरे बांधली आणि गटारांत कचरा टाकला, ही कामे कोणत्याही खात्याने एकट्याने केलेली नाहीत.

समुद्रकाठी हा धोका दुहेरी असतो. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी होतो, म्हणून तेथे समुद्राची पातळी वर येते. दाब एका मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढते. दाब १०१३ वरून ९५३ वर आला, तर केवळ त्यामुळे पाणी ६० सेंटीमीटर वर येईल. त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि लाटा येतात त्या वेगळ्याच. अशा वेळी डोंगरावरून आलेल्या पावसाला समुद्रात उतरायला वाट मिळत नाही. ओढा मागे फुगतो आणि मागच्या दाराने घरात शिरतो. प्रवाळाची भिंत आणि खाडीतील कांदळवन आपले रखवालदार आहेत, पण दक्षिणेकडे काही ठिकाणी ही प्रवाळाची भिंतच नाही. रिव्हिएर दे गाले गावाला लाटांचा मार वारंवार सोसावा लागला आहे, तो उगाच नव्हे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वीच्या एका वादळात मी सकाळीच बातमी ऐकली. पाणी भरले, खिडक्या बांधल्या, बॅटरी तपासली. आमच्या गल्लीच्या टोकाला, ओढ्याजवळ एक वृद्ध मच्छीमार एकटे राहतात. त्यांची आठवण मला दुपारी झाली. मी गेलो तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, मी कॅरोल पाहिलेला माणूस आहे. हे घर सिमेंटचे आहे. तुम्ही जा." मी परत आलो. रात्री पाणी त्यांच्या घरात कमरेपर्यंत चढले आणि गावातील दोन तरुणांनी जीव धोक्यात घालून त्यांना पाठीवर आणले. नंतर मी त्यांना विचारले, "आधी का आला नाहीत?" ते म्हणाले, "सकाळी कोणी आले असते, तर आलो असतो. दुपारी पाय दुखत होते, पाऊस होता, आणि आसरा-केंद्रात माझे कोण आहे?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. वृद्ध माणसे हट्टी असतात असे आपण म्हणतो. खरे पाहता त्यांना अंधारात, अनोळखी जागी, औषधाची पिशवी सावरत जायला संकोच वाटतो. मच्छीमाराला आपल्या पिरोगची चिंता असते. हे प्रश्न रेडिओ सोडवू शकत नाही. ते शेजाऱ्यानेच सोडवायचे असतात, आणि तेही दिवसाच्या उजेडात.

म्हणून तयारीची वाटणी वेळेप्रमाणे करावी. हंगामाआधी गटारे साफ करावीत, झाडांच्या वाळलेल्या फांद्या तोडाव्यात, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत. पहिला इशारा येताच पिरोग वर ओढून बांधावी, औषधे आणावीत आणि एकट्या माणसांच्या घरी जाऊन यावे. ज्यांचे घर सखल भागात आहे, त्यांनी दुसऱ्या इशाऱ्यातच नातेवाइकांकडे किंवा आसरा-केंद्रात जावे. तिसऱ्यानंतर रस्ता सुरक्षित राहील असे समजू नये. वारा एकाएकी थांबला तर बाहेर पडू नये, तो डोळा असू शकतो. वादळ गेल्यावर पडलेल्या तारांपासून दूर राहावे आणि पाणी उकळून प्यावे. वाहते पाणी ओलांडायचे नाही, मग ते गुडघ्याएवढे का असेना, हे मुलांना आधीच शिकवून ठेवावे.

आपले पूर्वज कोकणातून आले. ३ जून २०२० रोजी त्याच कोकणात श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेथेही किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवले होते, म्हणून मोठी प्राणहानी टळली. वादळाला आपण अडवू शकत नाही. माणसांना मात्र वेळेवर हलवता येते.

माझी एक सूचना आहे. आपल्या प्रत्येक मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या कामांची यादी करतो तशीच आणखी एक यादी करावी. गावात एकटे कोण राहते, कोणाला चालता येत नाही, आणि पहिल्या इशाऱ्याला त्यांच्या दारी कोण जाणार, हे त्यात लिहावे. जात, भाषा, धर्म पाहू नये, पाणी ते पाहत नाही. आमच्या गल्लीची यादी आम्ही केली आहे. त्यात पहिले नाव त्या मच्छीमार आजोबांचे आहे, आणि त्यांच्या नावापुढे माझे.